ग्राउंड चेरी: तोडायची नाही, वेचायची

विचारलेलं थोडक्यात असं. घरच्या बागेत ग्राउंड चेरीची, म्हणजे रसभरीच्या जातकुळीतल्या छोट्या पिवळ्या फळाची, चार रोपं लावली. झाडं दणकून पसरली, फुलं आली, कागदी कंदिलासारख्या पिशव्याही लटकल्या. पण तोडून बघितल्या तर आतलं फळ हिरवं आणि कडवट, काही पिशव्यांत तर फळच नाही. मग पिकलेलं ओळखायचं कसं, पुढच्या लागवडीत काय बदलायचं, आणि फळ भरपूर आलंच तर त्याचं करायचं काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. ग्राउंड चेरी तोडायची नसते, वेचायची असते. पिकत आली की ती देठातून आपली आपण सुटते आणि पिशवीसकट जमिनीवर पडते; नावातला ‘ग्राउंड’ तिथूनच आला. झाडाला घट्ट धरून असलेली पिशवी कितीही टपोरी दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नका, कारण पिशवी आधी वाढते आणि फळ मागून. फूल फळलं की पाकळ्या गळतात, खालचा हिरवा पुष्पकोश, म्हणजेच पुढची पिशवी, फुगायला लागतो आणि बघता बघता पूर्ण आकाराला येतो. त्या वेळी आतलं फळ जेमतेम मुगाएवढं किंवा मटाराएवढं असतं. तुम्हाला ‘रिकाम्या’ वाटलेल्या पिशव्यांपैकी बऱ्याचशा अशाच असणार. त्यांना अजून काही आठवडे हवे होते.

आता खाली पडलेली एक पिशवी हातात घेऊन नीट बघा. रंग वाळल्या गवतासारखा, शिरांची जाळी उठून दिसणारी, बोटांत कुरकुरणारा पापुद्रा. टोकाकडून उलगडलीत की आत गोटीएवढं, सोनेरी पिवळं, किंचित चिकट आणि मेणचट चकाकीचं फळ दिसेल. देठाकडच्या बाजूला हिरवी झाक उरली असेल तर अजून दोन-चार दिवस थांबायचं. पूर्ण पिवळं झालेल्या फळाला अननस आणि व्हॅनिला यांच्या मधला कुठला तरी वास येतो. हिरव्याला टोमॅटोच्या पाल्याचा येतो. नाक इथे डोळ्यांपेक्षा जास्त कामाचं.

कडवट लागलेलं फळ थुंकून टाकलंत ते बरंच केलंत. ही वनस्पती बटाटा, वांगी, टोमॅटो यांच्या कुळातली. तिची पानं, खोड, हिरवी पिशवी आणि कच्चं फळ यांत त्या कुळातली विषारी अल्कलॉइडं असतात, पोट बिघडवायला ती पुरेशी आहेत. लहान मुलं असतील त्या घरी नियम एकच ठेवा: खाली पडलेलं आणि सोललं की पूर्ण पिवळं दिसतं तेवढंच तोंडात. पाळीव जनावरांनाही याचा पाला चघळू देऊ नका.

तुमच्याकडे नेमकं काय लावलंय?

उत्तराचा अर्धा भाग यावर ठरतो. फायसॅलिस या एकाच वंशात एकमेकींसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच वनस्पती आहेत आणि बियांच्या पाकिटांवर नावांचा गोंधळ कायमचा.

खरी ग्राउंड चेरी बुटकी असते. उंची ४५ ते ६० सेंटिमीटर, पण आडवी पसरली की मीटरभर जागा खाते. पानांवर मऊ लव, फूल फिकट पिवळं, खाली मान घातलेलं, आत गडद ठिपके. शास्त्रीय नाव फायसॅलिस ग्रिसिया, मात्र पाकिटावर बहुतेकदा प्रुइनोसा लिहिलेलं सापडतं. ‘आन्ट मॉलीज’, ‘कॉसॅक पाइनॅपल’, ‘गोल्डी’ हे नावाजलेले वाण याच गटातले. रोप जमिनीत लावल्यापासून ६५ ते ७५ दिवसांत पहिली फळं पडतात.

रसभरी किंवा केप गूजबेरी, म्हणजे फायसॅलिस पेरुवियाना, ही मूळची दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली. झाड उंच, दीड मीटरपर्यंत सहज जाणारं. फळ मोठं, नारिंगीकडे झुकणारं आणि जास्त आंबट. फूल उमलल्यापासून फळ तयार व्हायलाच ७० ते ८० दिवस घेते, त्यामुळे छोट्या हंगामात ती पदरात काही टाकत नाही. पाकिटावर ‘ग्राउंड चेरी’ आणि झाड छातीएवढं वाढलंय अशी परिस्थिती असेल तर ते हेच समजा आणि धीर धरा.

टोमॅटिलोचं फळ पिशवी भरून टाकतं, कधी फाडूनही बाहेर येतं. त्याची एक अडचण लक्षात ठेवण्यासारखी आहे: त्याला स्वतःचा पराग चालत नाही, दुसरं झाड जवळ लागतं. एकटंच झाड असेल तर फुलं गळत राहतात आणि पिशव्या पोकळ. ग्राउंड चेरीचं तसं नाही, एकच झाड असलं तरी फळं धरतात. रानात आपोआप उगवणारी चिरबोटी या सगळ्यांची लहान बहीण.

दोन नावं मात्र खाण्याच्या यादीतून बाहेर ठेवा. पहिली शोभेची ‘चायनीज लँटर्न’, लालभडक-केशरी पिशव्यांची. ती जमिनीखालच्या खोडांनी पसरते आणि एकदा शिरली की वाफा सोडत नाही. दुसरी निकँड्रा. पिशवी हुबेहूब, पण फूल निळं-जांभळं आणि आतलं फळ कोरडं, तपकिरी. पिशवीवरून फसाल, फुलावरून फसणार नाही.

बी ते रोप

बी बारीक, दीड-दोन मिलिमीटरचं, आणि सुरुवातीला अतिशय सुस्त. टोमॅटो पाच-सहा दिवसांत डोकं वर काढतो. ग्राउंड चेरीला एक ते दोन आठवडे लागतात, माती गार असेल तर तीन. बहुतेक लोक इथेच कंटाळून ट्रे मोडतात. मातीचं तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस ठेवा. हवेचं नाही, मातीचं. ट्रेच्या खाली ऊब मिळाली तर उगवण एकसारखी होते.

कोकोपीट आणि चाळलेलं कंपोस्ट समप्रमाणात घेऊन ट्रे भरा. बी अर्ध्या सेंटिमीटरहून खोल जाऊ देऊ नका. वरून झारीने धो धो पाणी घातलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं, म्हणून फवारून ओलवा किंवा ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवा. उगवल्यावर लगेच भरपूर उजेड हवा, नाहीतर रोपं दोऱ्यासारखी लांबतात. खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की एकेक रोप ९-१० सेंटिमीटरच्या कुंडीत हलवा आणि बियांच्या पानांपर्यंत मातीत गाडा. टोमॅटोसारखीच गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

बी कधी पेरायचं हे कॅलेंडरपेक्षा हिशोबाने ठरवा. पेरणीपासून लावण्यायोग्य रोप व्हायला सहा ते आठ आठवडे, तिथून पहिल्या फळाला दहा-अकरा आठवडे. म्हणजे बी ते पहिलं फळ साधारण चार ते साडेचार महिने. जिथे गोठलेलं दंव (फ्रॉस्ट) पडतं तिथे अखेरच्या अशा दंवाच्या सहा-आठ आठवडे आधी घरात पेरा. गोठलेल्या दंवाचा एक फटका या झाडाला संपवतो. जिथे दंवाचा प्रश्न नाही तिथे उलटा विचार करा: फळ धरण्याचा काळ कडक उन्हाळ्यात किंवा संततधार पावसात येऊ देऊ नका. दिवसाचं तापमान ३२-३५ अंशांच्या वर गेलं, किंवा रात्री दहा-बाराच्या खाली उतरल्या, की फुलं देठासकट गळून जातात. त्यावर खत किंवा फवारणीचा इलाज नाही. हवा बदलली की झाड आपोआप पुन्हा धरायला लागतं.

लावण्याआधी आठवडाभर रोपांना बाहेरची सवय लावा. पहिल्या दिवशी दोन तास सावलीत, मग हळूहळू ऊन वाढवत न्या. ही पायरी टाळली तर पानं पांढरी पडतात आणि रोप दोन आठवडे मागे जातं.

जागा, माती, अंतर

दिवसाला किमान सहा-सात तास थेट ऊन हवं. माती पाण्याचा निचरा करणारी, सामू (पीएच) ६ ते ६.८ असेल तर उत्तम. ग्राउंड चेरी खादाड पीक नाही. एका रोपाच्या खड्ड्यात दोन-तीन लिटर चांगलं कुजलेलं कंपोस्ट मिसळलं की बहुतेक बागांत तेवढं पुरतं. कोंबडखत, युरिया किंवा कुठलंही नत्राचं खत वरचेवर दिलंत तर झाड झुडूप होईल, पानं तळहाताएवढी होतील आणि फुलं तुरळक. झाडं दणकून पसरली असं तुम्ही लिहिलंय, त्यामागे थोडा हातभार नत्राचाही असू शकतो. मागच्या दोन-तीन वर्षांत त्याच वाफ्यात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा घेतला असेल तर जागा बदला, मातीतले रोग सामाईक आहेत.

अंतराच्या बाबतीत दया दाखवू नका. दोन रोपांत ७५ ते ९० सेंटिमीटर, दोन ओळींत एक मीटर. लावताना मोकळं मोकळं वाटतं, पण दोन महिन्यांनी फांद्या एकमेकींत गुंततात, आणि मग पडलेली फळं वेचायला हात घालायचा कुठून हाच प्रश्न उरतो. कुंडीत लावायचं तर एका झाडाला किमान २० लिटरची कुंडी. लहान कुंडीत झाड जगतं, फळं मात्र वाटाण्याएवढी राहतात आणि दुपारी झाड माना टाकतं.

पाणी आठवड्याला अडीच सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे २५ लिटर, दोन-तीन वेळांत विभागून, आणि बुंध्याशी. आधी कोरडं ठेवून मग एकदम भरपूर पाणी दिलं तर फळ पिशवीच्या आतच तडकतं. टोमॅटोची भेग दिसते तरी, इथे पिशवी उघडेपर्यंत पत्ताच लागत नाही.

झाडाच्या वाढीची रीत एकदा समजून घेतली की छाटणीचा प्रश्न सुटतो. रोप थोडं वाढलं की शेंड्यावर पहिलं फूल येतं आणि तिथेच खोडाला दोन फाटे फुटतात. प्रत्येक फाट्यावर पान, फूल, पुन्हा दोन फाटे. म्हणजे शेंडा खुडून फांद्या वाढवायची गरजच नाही, ते काम झाड प्रत्येक फुलाजवळ स्वतः करतं. उलट शेंडा खुडला तर सर्वांत लवकर पिकणारी फळंच गमावता. छाटायची ती जमिनीला टेकलेली, पिवळी पडलेली पानं आणि फार तर वाटेत आलेली एखादी फांदी. उंच वाढणाऱ्या रसभरीला आधार आणि थोडी छाटणी लागते, ती गोष्ट वेगळी.

जमीन तयार ठेवणं, म्हणजेच काढणी

फळ खाली पडणार हे ठरलेलंच आहे, तर पडेल तिथे चांगली जागा करून ठेवणं हेच या पिकाचं मुख्य काम. बाकी सगळं टोमॅटोसारखं. इथेच लोक चुकतात आणि निम्मं पीक मातीत घालवतात.

उघड्या ओल्या मातीवर पडलेली पिशवी दोन-तीन दिवसांत काळवंडते, कुजून तिची नुसती जाळी उरते आणि फळ आंबतं. गोगलगायी, मुंग्या, उंदीर यांना ते तुमच्या आधी सापडतं. म्हणून रोप लावून माती तापली की बुंध्याभोवती मीटरभर घेरात काहीतरी अंथरा. विणलेलं तणरोधक कापड सर्वांत सोयीचं: पाणी झिरपतं, फळ कोरडं राहतं आणि गडद कापडावर पिवळी पिशवी चटकन दिसते. जाड गोणपाट किंवा छपाई नसलेला पुठ्ठाही चालतो, पुठ्ठा हंगामाच्या शेवटी मातीत जिरून जातो. गवताच्या पेंढ्याचा जाड थर मात्र इथे नको. पेंढा आणि पिकलेली पिशवी यांचा रंग एकच. सुईसारखं शोधत बसावं लागतं, आणि न सापडलेलं प्रत्येक फळ पुढच्या वर्षी तण होऊन उगवतं.

फांद्या जमिनीला लोळतात तिथे झाडाखाली हवा खेळत नाही आणि हातही जात नाही. रोप लहान असतानाच ४०-५० सेंटिमीटर उंचीचं तारेचं कडं भोवती बसवा. फांद्या त्यावर टेकतात, झाडाचा घेर उचलला जातो. हे कडं नंतर बसवायला जाऊ नका. फाट्याजवळ फांदी ठिसूळ असते, उचलताच उभी चिरते.

पहिली फळं झाडाच्या मधोमध, बुंध्याजवळ पडतात, कारण पहिली फुलं तिथलीच. बाहेरच्या टोकांकडचं फळ शेवटी येतं. म्हणून सुरुवातीचे दोन आठवडे नजर मध्यभागी ठेवा. पडायला लागल्यावर दर एक-दोन दिवसांनी वेचा, पावसात रोज. वेचून झाल्यावर मुख्य खोड दोन बोटांत धरून हलकेच थरथरवा, सुटायच्या बेतात असलेली तेवढी टपटप पडतील. जोरात हलवलंत तर हिरवीही पडतील. एका निरोगी झाडाकडून हंगामभरात अर्धा ते एक किलो फळ मिळतं, दाणा छोटा असल्याने ती शेकड्यांनी मोजायची संख्या होते.

वारा, उष्णता किंवा पाण्याचा ताण यामुळे काही फळं हिरवी असतानाच पडतात. त्यांतली पोपटी-पिवळसर झाक आलेली पिशवीसकट एका थरात, घरातल्या हवेशीर जागी ठेवा. पाच ते दहा दिवसांत पिकतात. गडद हिरवी आणि दगडासारखी टणक असलेली पिकत नाहीत, ती टाकून द्या.

पसरट वाढ आणि फळगळ याच दोन खोडींमुळे हे फळ मोठ्या शेतीत मागे राहिलं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरी आणि बॉइस थॉम्पसन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी जनुक-संपादन करून आटोपशीर वाढीची आणि मोठ्या फळाची झाडं तयार केल्याचं जाहीर केलं होतं. घरच्या बागेत मात्र ही गळ सोयीचीच आहे. पिकलं की नाही हे झाडच सांगतं, आपल्याला ताडत बसावं लागत नाही.

पिशवीला भोक, आत काही नाही

रिकाम्या पिशवीचं खरं चिंताजनक कारण अळी. पिशवी उजेडात धरून फिरवा. टाचणीच्या डोक्याएवढं किंवा त्याहून मोठं गोल भोक आणि आत काळसर दाणेदार विष्ठा दिसली तर फळ पोखरणाऱ्या अळीने आत शिरून फळ फस्त केलंय. अमेरिका खंडात तर फक्त फायसॅलिसवरच जगणारी एक अळी आहे. इतरत्र टोमॅटोवर येणारी घाटे अळी हे काम करते.

अळी एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण पिशवी तिची छत्री होते. बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे जैविक कीटकनाशक पोटात गेलं तरच काम करतं, म्हणजे अळी पानावर किंवा पिशवीच्या बाहेर कुरतडत असतानाच. म्हणून फुलं धरायला लागल्यावर आठवड्याला एकदा, संध्याकाळी, पानांच्या दोन्ही बाजूंना आणि कोवळ्या पिशव्यांवर फवारा. भोक पडलेल्या पिशव्या दिसतील तशा काढून साबणाच्या पाण्यात बुडवा. एक अळी एका फळावर थांबत नाही, पुढच्या पिशवीत शिरते. त्यामुळे ही वेचणी फवारणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

पानांवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसली तर तो उड्या मारणारा पिसू भुंगा. मोठ्या झाडाला तो फारसा त्रास देत नाही, पण कोवळं रोप चार दिवसांत चाळणी करून टाकतो. लावल्यापासून पहिली फुलं दिसेपर्यंत रोपांवर बारीक जाळी किंवा हलकं आच्छादन-कापड टाकून कडा मातीत दाबा. फुलं आली की जाळी काढा. झाड स्वतःच्या परागावर फळतं हे खरं, पण वारा आणि माश्यांनी फूल हललं की फळधारणा सुधारते.

पानांखाली पांढरी माशी किंवा मावा असेल तर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-तीन थेंब द्रव साबण, सूर्य कलल्यावर. भर उन्हात फवारलंत तर लव असलेली ही पानं भाजतात. पानं आखडून चट्टेरी-पिवळी झाली, नवीन शेंडा वेडावाकडा निघाला तर तो विषाणू. त्याला औषध नाही, झाड उपटून बागेबाहेर काढा. आणि तंबाखू हाताळणाऱ्यांनी रोपांना हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू या कुळातल्या झाडांवर बोटांवाटे जातो.

साठवण

पिशवी हे निसर्गाने दिलेलं वेष्टन आहे, वापरायच्या क्षणापर्यंत काढू नका. आणि साठवण्याआधी धुऊ तर अजिबात नका. ओल्या पिशव्या असतील तर पंख्याखाली सुकवा, मग जाळीच्या पिशवीत किंवा पसरट टोपलीत पातळ थर करून १० ते १५ अंशांच्या कोरड्या जागी ठेवा. अशी फळं तीन-चार आठवडे सहज टिकतात, जागा जमली तर त्याहून जास्त, आणि पहिल्या आठवड्यात चव उलट वाढते. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत बुरशी धरते. सोललेलं फळ फ्रिजमध्ये जेमतेम चार-पाच दिवस राहतं.

खायच्या आधी कोमट पाण्यात चोळून धुवा. फळावरचा चिकटपणा पिशवीतल्या ग्रंथींतून येतो आणि तोच जिभेवर साबणासारखा कडवट लागतो. पिकलेलं फळ असूनही कडू लागतं अशी तक्रार असते तिचं कारण बहुतेकदा हा न धुतलेला चिकटपणा.

गोठवायची असतील तर सोलून, धुऊन, पूर्ण कोरडी करून ताटात एका थरात चार तास गोठवा, मग डब्यात भरा. बाहेर काढल्यावर ती मऊ पडतात, त्यामुळे शिजवायच्या पदार्थांसाठीच वापरा. सुकवायची असतील तर साल आडवी येते. मेणचट सालीतून ओल बाहेर पडत नाही, म्हणून अर्धी कापा किंवा उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात टाका, म्हणजे साल तडकते. ५७ ते ६० अंशांवर कापलेली फळं दहा ते पंधरा तासांत मनुक्यासारखी होतात, अख्ख्यांना एक दिवस किंवा जास्त लागतो.

जॅम, आणि त्यात काय बिघडतं

या फळात पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्टपणा देणारा घटक, भरपूर असतं, म्हणून जॅमसाठी बाहेरून काही घालावं लागत नाही. एक किलो सोललेली, धुतलेली फळं, १०० मिली पाणी, ६०० ग्रॅम साखर, चार टेबलस्पून लिंबाचा रस.

जाड बुडाच्या, रुंद पातेल्यात फळं आणि पाणी घालून झाकण ठेवा आणि मध्यम आंचेवर दहा-पंधरा मिनिटं शिजवा. झाकण खरोखरच हवं, कारण तापलेली फळं फटाफट फुटतात आणि गरम रस हातावर उडतो. सगळी फुटली की रवीने किंवा पळीच्या पाठीने दाबून घ्या. साखर आत्ता घाला, आधी नाही. साखरेत सुरुवातीपासून शिजली तर साल आवळून चिवट होते आणि जॅममध्ये दाताखाली येते. साखर पूर्ण विरघळेपर्यंत आंच मंद, मग लिंबाचा रस घालून आंच मोठी करा आणि सतत ढवळत राहा. थर्मामीटर १०४-१०५ अंश दाखवेल तेव्हा बंद. थर्मामीटर नसेल तर फ्रिजमध्ये गार केलेल्या बशीत थेंबभर टाका, मिनिटभराने बोटाने सारा. सुरकुती पडली की झालं.

जॅम धरलाच नाही तर बहुतेकदा फळ अति पिकलेलं होतं. फळ जितकं जास्त पिकतं तितकं पेक्टिन कमी होतं, म्हणून किलोभरात वेचून दोन-तीन दिवस झालेली ताजी फळंही मिसळा. हिरवी मात्र नाहीत. दुसरं कारण मोठा घाणा. दोन किलोंच्या वर एकाच वेळी घेतलंत तर पाणी आटायला इतका वेळ लागतो की पेक्टिन शिजून मोडतं, रंग तपकिरी होतो आणि तो अननसासारखा वास उडून जातो. जॅम दगड झाला तर तो जास्त आटला, तेव्हा थोडं गरम पाणी घालून पुन्हा एक उकळी द्या. लिंबाचा रस चवीपुरता समजून वगळू नका, या फळाचा आंबटपणा वाणागणिक आणि पिकण्यागणिक बदलतो आणि टिकाऊपणा त्यावर अवलंबून असतो. एवढ्या साखरेचा जॅम उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरण्यांत गरम गरम भरा आणि फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवा.

‘पाय’ या सारण भरून भाजायच्या पदार्थासाठी अर्धा किलो फळ, १०० ग्रॅम साखर, दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आणि एक टेबलस्पून लिंबाचा रस एकत्र करून कच्च्या आवरणात भरा, १९० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजा. केकच्या पिठात अख्खी फळं टाकायची असतील तर आधी कोरड्या मैद्यात घोळवा, नाहीतर सगळी तळाशी बसतात. आंबट-गोड-तिखट सॉस करायचा तर ती कोरड्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून मग वाटा, कच्ची वाटलेली पचपचीत लागतात.

बी धरणं

सर्वांत लवकर पिकलेल्या, नीट वाढलेल्या दोन-तीन झाडांची दहा-पंधरा फळं पुरतात. घरातच आठवडाभर आणखी पिकू द्या. भरपूर पाण्यात हाताने कुस्करा किंवा मिक्सरमध्ये दोन-तीन अगदी छोटे झटके द्या. चांगलं बी तळाशी बसतं, गर आणि पोचट बी तरंगतं. वरचं पाणी ओता, नवीन घाला, पाच-सहा वेळा. टोमॅटोसारखं आंबवायची गरज नाही. धुतलेलं बी चिनी मातीच्या बशीत पसरवून सावलीत आठवडाभर सुकवा. कागदावर वाळवलंत तर असं चिकटतं की निघता निघत नाही. पाकिटावर वाण आणि वर्ष लिहून कोरड्या, गार जागी ठेवलेलं बी चार-पाच वर्षं चांगलं उगवतं.

तसं पाहिलं तर पुढच्या वर्षी पेरायची वेळ तुमच्यावर येईलच असं नाही. न वेचलेल्या फळांतून त्याच वाफ्यात डझनांनी रोपं उगवतील. घरच्या कंपोस्टच्या ढिगात एवढी उष्णता क्वचितच तयार होते की हे बी मरेल, त्यामुळे कुजकी फळं त्यात टाकलीत तर कंपोस्ट जाईल तिथे तिथे ग्राउंड चेरी निघेल. हवी तेवढी चार रोपं बोटभर उंचीची असताना उचलून जागेवर लावा, बाकीची खुरप्याने काढा. उशिरा उगवतात म्हणून पहिलं फळ दोन-तीन आठवडे मागे जातं, एवढाच तोटा.